अक्षर आणि आघात : मराठी छंदोविचारातील एका दुर्लक्षित प्रश्नाचा इतिहास

१

मराठी छंदःशास्त्रात 'अक्षर' हा शब्द इतक्या सहजपणे वापरला जातो की, त्याच्या पोटात दोन भिन्न वस्तू दडलेल्या आहेत, ह्याचा विसर पडावा. एक अक्षर कागदावरचे, दुसरे मुखातले. पहिले डोळ्यांना दिसते व बोटांनी मोजता येते. दुसरे श्वासाच्या एका झोताबरोबर येते आणि कानालाच कळते. देवनागरीत 'घर' हा शब्द लिहिताना आपण दोन अक्षरे लिहितो. बोलताना मात्र एकच उच्चारतो. 'घरात' लिहिताना अक्षरे तीन, बोलताना दोन. ह्या तफावतीची जाणीव व्याकरणकारांना होतीच. परंतु तिचे काव्यविचारात जे परिणाम संभवतात त्यांचा पाठपुरावा फारसा झालेला नाही. ह्या प्रश्नाला लागूनच दुसरा प्रश्न उभा राहतो. मराठी शब्दात आघाताला काही स्थान आहे काय? असल्यास पद्यरचनेत त्याची दखल घेतली गेली आहे काय?

मराठीत आघात नाही, हे विधान आपल्याकडे बहुधा सिद्धान्ताच्या थाटात केले जाते. इंग्रजी पद्य आघातप्रधान, संस्कृत आणि मराठी पद्य मात्राप्रधान किंवा अक्षरप्रधान, अशी वाटणी करून वर्गातला विषय संपवण्यात येतो. प्रस्तुत लेखात ह्या वाटणीचा फेरविचार करावयाचा आहे. मराठी पद्याचा इतिहास हा लिखित अक्षर आणि उच्चारित अक्षर यांच्यातील दीर्घकालीन तडजोडीचा इतिहास आहे, आणि ज्या आघाताला आपण दाराबाहेर ठेवले असे समजतो तो लघुगुरूच्या नियमातून केव्हाच घरात आलेला आहे, असे मला दाखवावयाचे आहे.

ह्या विचाराला निमित्त झाले ते माझ्या स्वतःच्या एका चुकीचे. जालन्यात अध्यापनाला प्रारंभ केल्यानंतरच्या काही वर्षांतली गोष्ट. भुजंगप्रयात शिकविताना मी फळ्यावर एक चरण रचून लिहिला होता : 'कुणी जांब गावी कुणी जालन्याला'. चाचणीत त्याची अक्षरे मोजून गण पाडावयास सांगितले. घनसावंगीकडच्या एका विद्यार्थ्याने उत्तर लिहिले, 'अक्षरे दहा; वृत्त जमत नाही'. मी त्याला शून्य गुण दिले. चरणात बारा अक्षरे आहेत हे उघड होते. तो दहा कोठून काढतो, हे त्याला विचारण्याचे मला सुचले नाही. पुढे कित्येक वर्षांनी तोच चरण मी सहज, गद्यासारखा वाचला आणि बोटे मोजली : कु-णी-जांब्-गा-वी-कु-णी-जाल्-न्या-ला. दहाच भरली. त्या मुलाने जे ऐकले ते प्रामाणिकपणे मोजले होते. मी जे पाहिले ते मोजले होते.

२

लिहिलेल्या अक्षरातला 'अ' बोलताना केव्हा गळतो, ह्याला नियम आहे. ती उच्चारातली हयगय नव्हे. जालना जिल्ह्याच्या आठ तालुक्यांची नावेच उदाहरणादाखल घ्यावीत. 'परतूर' ह्या शब्दात लिखित अक्षरे चार, उच्चार मात्र 'पर्-तूर्' असा दोन अक्षरांचा. 'बदनापूर' ह्यात लिखित पाच, उच्चारित तीन : 'बद्-ना-पूर्'. 'भोकरदन' हा शब्द तर विशेष बोलका आहे. त्यात लागोपाठ चार अकारान्त अक्षरे येतात : क, र, द, न. त्यांतील अन्त्य 'न'चा अकार प्रथम गळतो. त्यामुळे 'द'चा अकार राखावाच लागतो, कारण त्याच्यावाचून शेवटचे अक्षर उभे राहत नाही. त्याच्या अलीकडचा 'र'चा अकार मात्र दोन स्वरांच्या मध्ये सापडल्याने गळतो, आणि तो गळाल्यामुळे 'क'चा अकार टिकतो. परिणामी 'भो-कर्-दन्' अशी तीन अक्षरे उरतात. शब्दाच्या शेवटाकडून आरंभाकडे सरकत एक अकार सोडावा आणि एक राखावा, अशी ही चाल आहे. 'अंबड'ला प्रत्यय लावून 'अंबडात' म्हटले तर 'ब'चा अकार सहसा टिकतो. तो गेला तर अनुनासिक, 'ब' आणि 'ड' अशा तीन व्यंजनांची गर्दी होईल आणि ती मराठी जिभेला मानवत नाही.

ही व्यवस्था केवळ ध्वनींच्या शेजारावर चालते असेही नाही. शब्दाची घडण तीत हस्तक्षेप करते. 'अनमोल' आणि 'अनपेक्षित' हे दोन शब्द सारख्याच अक्षरांनी सुरू होतात. पहिल्याचा उच्चार 'अन्-मोल्' असा होतो. दुसऱ्यात मात्र काळजीपूर्वक बोलणारा माणूस 'न'चा अकार सोडत नाही, कारण तो अकार 'अपेक्षित' ह्या शब्दाचा आहे, उपसर्गाचा नव्हे. म्हणजे लांब शब्द कोठे तोडावयाचा हे ठरविण्यात कान आणि अर्थ ह्या दोघांचाही वाटा असतो.

सर्वच भाषांना ह्या ना त्या रूपात ह्या प्रश्नाला सामोरे जावे लागते. डच भाषेचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल, कारण लांबलचक सामासिक शब्द एकत्र लिहिण्याची त्या भाषेची रीत आपल्याशी जुळणारी आहे. डचमध्ये 'फाल्काउल' ह्या शब्दाचा 'फाल' आणि 'काउल' असा विच्छेद केला तर अर्थ होतो सापळ्याचा खड्डा. 'फाल्क' आणि 'आउल' असा केला तर ससाणा आणि घुबड एकत्र येतात. अक्षरे तीच, मोडणी निराळी, अर्थ निराळा. आपल्या अलंकारशास्त्राने ज्याला सभंग श्लेष म्हटले त्याचा पाया हाच आहे. परंतु डचमध्ये आणखी एक गोष्ट आहे जी मराठीत नाही. 'फोरकोमन' ह्या क्रियापदात पहिल्या अक्षरावर आघात दिला तर 'घडणे' असा अर्थ होतो, दुसऱ्यावर दिला तर 'टाळणे' असा. आघाताच्या जागेने शब्दाचा अर्थ पालटतो. असे मराठीत होत नाही, आणि 'मराठीत आघात नाही' ह्या लोकप्रिय विधानाला एवढाच आधार आहे. मात्र आघाताने अर्थ पालटत नाही एवढ्यावरून आघातच नाही, असा निष्कर्ष काढणे तर्काला धरून नाही.

३

मराठी शब्दातील आघाताची चर्चा प्रथम ऐतिहासिक भाषाशास्त्राच्या क्षेत्रात झाली, ही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्राकृतांच्या अभ्यासात पिशेल आणि याकोबी ह्या दोन जर्मन पंडितांत मतभेद झाला. वैदिक भाषेतील उदात्त स्वराचे परिणाम प्राकृतांपर्यंत पोचले, असे पिशेल यांचे म्हणणे होते. याकोबी यांच्या मते तो स्वर मागे पडून अक्षरांच्या लघुगुरुत्वावर आधारलेला नवा आघात अस्तित्वात आला होता. हाच वाद पुढे मराठीच्या अंगणात आला. १९१६ मध्ये टर्नर यांनी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात मराठीतील इंडो-जर्मानिक आघातावर प्रदीर्घ निबंध लिहिला आणि वैदिक स्वराचे स्थान मराठीत आघाताच्या रूपाने टिकून आहे, असे प्रतिपादन केले. झ्यूल ब्लॉक यांनी मराठी भाषेच्या घडणीवरील आपल्या ग्रंथात, जो १९२० मध्ये पॅरिसला प्रसिद्ध झाला, ह्याहून भिन्न भूमिका घेतली. मराठी स्वरांची गळती, ह्रस्वता आणि दीर्घता यांचा उलगडा स्वराचे शब्दातील स्थान आणि त्याचे मान ह्या दोन गोष्टींनी होतो; त्यासाठी प्रबळ आघाताची कल्पना करण्याची गरज नाही, असा त्यांचा रोख होता. ह्या ग्रंथाचे वासुदेव गोपाळ परांजपे यांनी केलेले भाषान्तर १९४१ मध्ये मराठी वाचकांच्या हाती आले.

ह्या वादाचा निकाल लावण्याचे हे स्थळ नव्हे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे ते इतके की, दोन्ही पक्षांनी एक गोष्ट गृहीत धरली होती. मराठी शब्दातील सर्व अक्षरे सारख्या वजनाची नाहीत. काही अक्षरे स्वर राखतात, काही गमावतात. ज्याला आपण आज ह्रस्वदीर्घाचे शुद्धलेखन म्हणतो तो ह्या असमान वजनाचाच लेखी पुरावा आहे. 'फूल' हा शब्द दीर्घ ऊकाराने लिहावा आणि 'फुले', 'फुलाला' ही रूपे ह्रस्व उकाराने. 'गरीब' पण 'गरिबाला'. 'वकील' पण 'वकिलांनी'. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी आणि १९७२ मधील त्यांच्या पुरवणीने ही व्यवस्था शाळाशाळांत पोचली. विद्यार्थी ती पाठ करतात. परंतु तिच्यामागे उच्चाराचे सरळ कारण आहे. 'फूल' बोलताना अन्त्य अकार गळतो, शब्दात एकच अक्षर उरते आणि त्या शब्दाचे सगळे वजन त्या एका स्वरावर पडते; म्हणून तो लांबतो. 'फुलाला' म्हणताना वजन 'ला'कडे सरकते आणि उकार आखूड होतो. 'कापूस'चे 'कापसाचा' होताना तर उकाराचा अकार होऊन तोही उच्चारात लोपतो : 'काप्-सा-चा'. संस्कृत शब्दांच्या बाबतीत आपण मूळ लेखन राखतो, म्हणून 'गुण' ह्रस्व लिहितो. परंतु मराठी माणूस तो बोलताना लांबवतोच. लेखनाचा नियम जेथे उच्चाराशी फारकत घेतो तेथेच विद्यार्थी सर्वाधिक चुकतो, हा अनुभव पेपर तपासणाऱ्या कोणालाही आहे.

डच लेखनातही असाच एक नियम आहे. 'बोम' म्हणजे झाड. एकवचनात अक्षर व्यंजनाने बंद होते म्हणून स्वराचे चिन्ह दोनदा लिहावयाचे. 'बोमन' ह्या अनेकवचनात ते मोकळे होते म्हणून एकदाच. तेथे उच्चार तोच राहून लेखन बदलते, येथे उच्चाराबरोबर लेखन बदलते. पण दोन्हीकडे लेखनाला अक्षराच्या मोडणीची दखल घ्यावी लागली आहे.

४

आता पद्याकडे वळू. माधवराव पटवर्धन यांनी 'छन्दोरचना' ह्या ग्रंथात, जो १९२७ मध्ये आणि पुढे विस्ताराने १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला, मराठी पद्याचे छंद, जाति आणि वृत्त असे तीन वर्ग केले. वृत्तात लघुगुरूंचा क्रम ठरलेला, जातीत मात्रांची आवर्तने ठरलेली, आणि छंदात लघुगुरुभेद बाजूला ठेवून केवळ अक्षरांची संख्या पाहावयाची. ओवी आणि अभंग हे ह्या तिसऱ्या वर्गातले. ना. ग. जोशी यांनी १९५५ मध्ये लयीच्या दृष्टीने ह्या व्यवस्थेचा पुनर्विचार केला. मराठी छंदोविचाराची ही दोन मोठी स्थाने आहेत. परंतु अभंगाचा सहा-सहा-सहा-चार हा हिशेब सांगताना मोजलेली अक्षरे कोणती, लेखणीची की जिभेची, हा प्रश्न पाठ्यपुस्तकांपर्यंत आलेला नाही.

ह्याचे उत्तर इतिहासात आहे. तेराव्या शतकातील मराठीत पुल्लिंगी नामे प्रथमेत उकारान्त असत. 'देवु', 'संसारु' अशी रूपे ज्ञानेश्वरीकालीन भाषेत विपुल आढळतात. म्हणजे आज जेथे आपण 'देव' हा शब्द एका अक्षरात उच्चारतो तेथे त्या काळी शब्दान्ती स्वर होता आणि अक्षरे दोन होती. पुढे त्या उकाराची जागा अकाराने घेतली आणि तो अकारही बोलण्यातून गेला. लेखनात मात्र तो राहिला. पद्यातही राहिला. आज कीर्तनकार 'देव' ह्या शब्दाचा अन्त्य 'व' चालीत मोकळा करतो तेव्हा ती केवळ गायनाची सोय नसते. भाषेच्या एका जुन्या अवस्थेचा तो अवशेष असतो. बोलीने जे सोडले ते छंदाने जपले. लिखित अक्षर मोजण्याची परंपरा केवळ पंडितांच्या आग्रहाने टिकली, असे म्हणणे म्हणूनच अन्यायाचे होईल.

दुसऱ्या बाजूला ओवी आहे, आणि ओवीचे मूळ ग्रंथात नसून कष्टात आहे. सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' ह्या बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. उखळ किंवा जाते हे तालाचे यंत्र आहे. जात्याचा एक फेरा पुरा व्हावयास जितका वेळ लागतो तितक्यात ओळीचा एक टप्पा बसवावयाचा. तेथे अक्षरांची संख्या कमीजास्त झाली तरी अडत नाही. अक्षरे कमी पडली तर 'गं', 'बाई', 'माय' अशी पदे येतात किंवा स्वर लांबवला जातो. जास्त झाली तर अकार गिळून दोन अक्षरांचे एक केले जाते. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांच्या पुढाकाराने संकलित झालेल्या जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या पाहिल्या तर लिखित अक्षरसंख्येचा विस्कळीतपणा प्रथम डोळ्यांत भरतो. पण त्याच ओव्या ऐकल्या की तो विस्कळीतपणा नाहीसा होतो. कागदावर जे छंदोदोष ते जात्यावर दोष नसतात. कारण तेथे मोज चालते ती आघातांची, हाताने खुंटा ओढताना ज्या अक्षरावर जोर पडतो त्या अक्षरांची. ग्रांथिक ओवीतही पहिले तीन चरण सयमक आणि चौथा आखूड, एवढेच पथ्य कटाक्षाने पाळले जाते. चरणातील अक्षरसंख्या ज्ञानेश्वरांपासून सैलच आहे. ह्या सैलपणाचे नाते जात्याशी आहे, असे मानणे वावगे ठरणार नाही.

५

ह्या दोन परंपरांची गाठ एकाच कवीच्या लेखणीत कशी पडते हे पाहावयाचे तर जालना जिल्ह्यातच थांबावे लागते. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. १६०८ मध्ये येथील ठोसर कुळात नारायण ह्या नावाने जन्मलेल्या ह्या कवीने एकीकडे 'दासबोध' ओवीत लिहिला आणि दुसरीकडे मनाच्या श्लोकांसाठी भुजंगप्रयात निवडले. पहिल्यात वीस दशक आणि दोनशे समास. दुसऱ्यात दोनशे पाच श्लोक. दासबोधात बोली पुढे चालते आणि छंद तिच्या मागून येतो. मनाच्या श्लोकांत वृत्त पुढे असते आणि भाषेला त्याच्या पावलात पाऊल टाकावे लागते.

भुजंगप्रयातात प्रत्येक चरणात बारा अक्षरे, चार यगण : लघु, गुरू, गुरू अशी चार आवर्तने. हे वृत्त संस्कृतातून आलेले, तरीही मराठीच्या तोंडी इतके रुळलेले दुसरे गणवृत्त दाखविणे कठीण. ह्याचे कारण केवळ भक्तीत किंवा पाठांतरात शोधणे पुरेसे नाही. मराठी शब्दसंपत्तीची एक बाजू ह्या वृत्ताला अनुकूल आहे. 'मना', 'सदा', 'जना', 'तसा', 'नको', 'कळे' हे आणि असे असंख्य शब्द लघु आणि गुरू ह्या क्रमाने येतात, आणि बोलतानाही त्यांचे वजन दुसऱ्या अक्षरावरच पडते. संबोधनाचा आकार, सामान्यरूपाचा आकार, 'वे'कारान्त विध्यर्थ, ही सर्व रूपे शब्दान्ती गुरू अक्षर पुरवतात आणि त्यांचा अन्त्य स्वर बोलण्यातही गळत नाही. रामदासांनी मनाला संबोधावयाचे ठरविले आणि विध्यर्थात बोलावयाचे ठरविले, त्याच क्षणी वृत्ताचा अर्धा प्रश्न सुटला होता. उपदेशाचे व्याकरण आणि यगणाची चाल येथे एकमेकांना भेटतात. वृत्तातला गुरू आणि बोलीतला आघात बहुतांशी एकाच अक्षरावर पडल्यामुळे हे श्लोक भिक्षा मागत दारोदार म्हणता आले आणि अक्षरओळख नसलेल्यांनाही पाठ झाले.

जेथे अशी भेट होत नाही तेथे काय घडते? माझा फळ्यावरचा चरण त्यासाठी उपयोगी पडावा. 'कुणी जांब गावी कुणी जालन्याला' ह्याचे गण पाडले तर 'कुणी जां', 'ब गावी', 'कुणी जा', 'लन्याला' असे विभाग होतात. 'जांब' हा शब्द मधोमध तुटतो आणि त्याचा 'ब' पुढच्या शब्दाला जाऊन मिळतो. बोलीत जो 'ब्' व्यंजनमात्र होऊन मागच्या अक्षराला बंद करतो तोच येथे मोकळा होऊन पुढच्या गणाचा आरंभ करतो. हे करण्यासाठी पठण करणाऱ्याला गळालेला अकार परत आणावा लागतो. शास्त्राच्या दृष्टीने ह्यात काहीच गैर नाही. पण आपण बोलतो ती मराठी आणि आपण म्हणतो ती मराठी ह्यांतले अंतर ह्या एका 'ब'मध्ये साठलेले आहे.

'जालन्याला' ह्या शब्दातील 'ल' त्याहून महत्त्वाचा. संस्कृत नियमानुसार जोडाक्षराच्या पूर्वीचे अक्षर गुरू. 'न्या' हे जोडाक्षर असल्याने त्यापूर्वीचा 'ल' गुरू व्हावयास हवा. तो गुरू मानला तर शेवटचा गण मोडतो. परंतु मराठी छंदःशास्त्र येथे एक अट घालते : जोडाक्षरामुळे मागील अक्षरावर आघात येत असेल तरच ते गुरू, येत नसेल तर लघुच. 'सत्य', 'पुस्तक' ह्यांत आघात येतो. 'तुझ्या', 'जालन्याला' ह्यांत येत नाही. हा नियम आपण शाळेपासून शिकवितो. त्यातला 'आघात' हा शब्द आपल्या कानांवरून जातो, पण त्याचा अर्थ आपण ऐकत नाही. मराठीत आघात नाही असे सांगणारा अध्यापक दुसऱ्याच तासाला आघातावरून लघुगुरू ठरवीत असतो.

ह्या नियमाची व्याप्ती दाखविणारे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे 'पुण्याचा'. पुणे शहराचा तो 'पुण्याचा' आणि पुण्य ह्या संस्कृत शब्दापासूनचाही तो 'पुण्याचा'. लेखन एकच. पहिल्यात 'पु' लघु, कारण 'पु-ण्या-चा' अशी मोडणी. दुसऱ्यात 'पु' गुरू, कारण 'पुण्-ण्या-चा' असा उच्चार होतो. येथे लिपी मुकी आहे. पण दुसऱ्या एका ठिकाणी मराठी लिपीने स्वतःच बोलावयाचे ठरविले. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' ह्या दोन शब्दांत व्यंजने तीच आणि स्वरही तेच. पहिल्यात 'र्' मागच्या अक्षराला बांधला जातो. दुसऱ्यात तो पुढच्या 'या'शी जुळतो. पहिल्याचा अर्थ गुरुजनांना, दुसऱ्याचा स्वयंपाक करणाऱ्यांना. हा फरक दाखविण्यासाठी मराठीने रफाराहून निराळे, आडवे, चंद्रकोरीसारखे चिन्ह वापरले. 'दर्या' आणि 'दऱ्या' ह्यांतही तेच. हे चिन्ह वस्तुतः ध्वनीचे नाही. अक्षराच्या मोडणीचे आहे. शब्द कोठे तोडावा हे सांगण्यासाठी लिपीत स्वतंत्र खूण करणाऱ्या भाषेला अक्षरविच्छेदाची जाणीव नव्हती, असे कोण म्हणेल?

६

रामदासांच्याच काळात हॉलंडमध्ये योस्ट फान डेन फोंडेल हा कवी लिहीत होता. त्याचा जन्म १५८७ चा, मृत्यू १६७९ चा. रामदासांचा देह सज्जनगडावर पडला तो १६८१ मध्ये. दोघांची भेट संभवत नव्हती, आणि एकाचे नावही दुसऱ्याच्या कानावर गेले नसेल. डचांची वेंगुर्ल्याची वखार मात्र १६३७ पासून ह्याच मुलखाच्या किनाऱ्यावर होती. फोंडेलच्या नाटकांतील दीर्घ ओळीत सहा आघात असतात, आणि आघातहीन व आघातयुक्त अक्षरे आलटून पालटून येतात. परंतु ही रीत डच भाषेलाही जन्मतः मिळालेली नव्हती. फ्रेंच परंपरेतील अक्षरसंख्येचे बंधन आणि स्वतःच्या भाषेचा आघात ह्यांचा मेळ घालूनच ती सिद्ध झाली. म्हणजे उसना साचा आणि घरची जीभ यांच्यातील तडजोड हा केवळ आपलाच अनुभव नाही. फरक इतकाच की, तेथील अभ्यासकांनी ह्या तडजोडीला नाव दिले आणि तिची चिकित्सा केली. आपण ती सवलत समजलो, आणि ह्रस्वाचे दीर्घ करण्याची मुभा कवीला असते, एवढे सांगून मोकळे झालो.

ह्याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागली. पहिली समीक्षेत. पंडित कवींच्या श्लोकरचनेतील ओढाताण आणि संतकवींच्या ओवीतील सहजता असा भेद आपण रसिकतेच्या भाषेत करीत आलो. तो बहुतांशी खराही आहे. पण त्याचे कारण प्रतिभेत जितके आहे तितकेच ते अक्षराच्या हिशेबातही आहे. कोणत्या चरणात किती अकार मुद्दाम परत आणावे लागतात, किती ठिकाणी वृत्तातला गुरू बोलीतल्या दुबळ्या अक्षरावर पडतो, ह्याचा शोध घेतला तर 'सहजता' ही मोघम संज्ञा तपासता येण्याजोगी होईल. बोलीत जोर द्यावयाचा झाला की मराठी माणूस 'कधी'चे 'कध्धी' करतो, 'मुळीच'चे 'मुळ्ळीच' करतो. म्हणजे व्यंजन दुप्पट करून लघु अक्षराला गुरू करतो. मराठीचा आघात असा अक्षराच्या वजनातून व्यक्त होतो. तो वजनापासून वेगळा काढून शोधू गेल्यास सापडणार नाही, आणि म्हणूनच तो नाही असे वाटले.

दुसरी किंमत वर्गात. लिखित अक्षर हेच एकमेव अक्षर आहे असे शिकविल्याने ज्या विद्यार्थ्याचा कान शाबूत आहे तो आधी नापास होतो. ज्याच्या घरी पुस्तकापेक्षा जात्यावरची ओवी आधी पोचली, जो शब्द ऐकून शिकला, त्याला आपण सांगतो की तुला मराठी मोजता येत नाही. वस्तुतः त्याला एक मराठी मोजता येत असते. दुसरी, तेराव्या शतकातील उच्चाराची आठवण सांभाळणारी मराठी, त्याला शिकवावयाची असते. पण ती दुसरी आहे, हे आधी सांगावे लागते.

आता मी तोच चरण फळ्यावर लिहितो आणि विद्यार्थ्यांकडून दोन वेळा मोजून घेतो. एकदा गावी जाणाऱ्या एसटीत सहज बोलल्यासारखा म्हणून, एकदा वृत्तात म्हणून. पहिल्या वेळी दहा, दुसऱ्या वेळी बारा. मधली दोन अक्षरे कोठून आली, हा प्रश्न त्यांनाच विचारतो. 'जांब'मधला 'ब' आणि 'जालन्या'तला 'ल', असे उत्तर एखादा कोपऱ्यातून देतो, आणि छंदःशास्त्राचा तास तेथून सुरू होतो. ज्या मुलाला मी शून्य दिले होते तो पुढे कोठे गेला, हे मला कळले नाही. त्याच्या उत्तराचा पहिला भाग बरोबर होता, हे त्याला सांगावयाचे राहून गेले.